अंड्यांच्या ट्रेमधली डोकी

लेकाचं, मिशारीचं, विमान उतरल्याचा निरोप आला तेव्हा नूरिया स्वयंपाकघरात झुबैदी मासे तळत होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि बहिणीच्या खोलीत जाऊन अंड्यांचे ट्रे उचलून थेट धुण्याच्या खोलीकडे पळवायला सुरुवात केली.

"हे कुठे चालवलंस?" पलंगावरून सबीकाने विचारलं.

"तू बोलू नकोस. आधी त्याला दोन घास खाऊ दे."

"मी काय चोरी केलीय?"

"नाही गं बाई. चोरी केली असतीस तर बरं झालं असतं. वस्तू परत तरी देता आली असती."

घाई नडली. एक ट्रे तिरका झाला, त्याला सावरताना दुसरा कलंडला आणि सगळी डोकी टपाटप फरशीवर पडली. काही घरंगळत दारापर्यंत गेली, एक वॉशिंग मशीनखाली जाऊन बसलं. साठी ओलांडलेली नूरिया ओणवी होऊन झाडूच्या दांड्याने ते बाहेर काढू लागली. या घराण्याने लपवालपवी काही कमी केली नव्हती. परकं सैन्य देशात घुसलं त्या स्वारीच्या साली आईचं सोनं पाण्याच्या टाकीत लपवलं होतं, लेकीचं, दलालचं, पहिलं लग्न मोडलं ते वर्षभर शेजाऱ्यांपासून लपवलं होतं. पण डोकी लपवायची वेळ आजवर आली नव्हती.

डोकी होती मिशारीच्या पोरांची. पोरं हे घरातल्यांनी टोमण्याने पाडलेलं नाव. मिशारी चाळिशीला टेकला, लग्नाचा विषय काढू देत नाही, आणि तळमजल्यावरची मोठी खोली त्याने व्हिनाइलच्या बाहुल्यांनी भरून टाकलेली. वीतभर उंचीच्या, डोकं भलंमोठं आणि धड चिमुकलं. कुणी जपानी मालिकेतला, कुणी अमेरिकन सिनेमातला, फुटबॉलवाले, भुतं, राण्या, अवकाशातले शिपाई. प्रत्येकजण आपापल्या डब्यात, डब्याला पुढून पारदर्शक खिडकी, आणि असे डबे जमिनीपासून छतापर्यंत रांगेत. डबा उघडायचा नाही हा त्याचा नियम. भाच्यांना त्या खोलीच्या दारातूनच बघायची परवानगी होती. "डबा फोडला की संपलं," तो म्हणायचा, आणि काय संपलं ते कुणी विचारलंच तर अर्धा तास सांगायचा.

इतक्या वर्षांत नूरियाने त्यातल्या एकाला हात लावला नव्हता. काल संध्याकाळी चहा घेऊन ती बहिणीच्या खोलीत गेली, आणि ट्रेमधून एवढी सगळी तोंडं आपल्याकडे बघताहेत हे पाहून ती दारातच थांबली. तरीसुद्धा, खरं सांगायचं तर, तिने आधी एक डोकं उचललं आणि दाबून पाहिलं. कडक असेल असं तिला वाटलं होतं. ते किंचित दबलं आणि पुन्हा फुगलं. लेक ज्याच्यामागे वेडा झालाय ती वस्तू हाताला कशी लागते हे तिला काल पहिल्यांदा कळलं.

सबीका या खोलीत आली तीही अचानकच. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दवाखान्याने ठरल्या दिवसाआधीच तिला घरी सोडलं, तेव्हा मिशारी दुबईला संग्राहकांच्या मेळ्याला गेला होता. जिना चढणं शक्य नव्हतं. तळमजल्यावर न्हाणीघर लागून असलेली खोली एकच, ही बाहुल्यांची. "आठवडाभर राहा इथे, तो आला की सामान वर नेईल," असं म्हणून, मिशारीला फोनवर कळवून, नूरियाने पलंग टाकून दिला. पण सबीकाला त्या खोलीत नमाज पढता येईना. जिथे मूर्ती तिथे रहमतचे फरिश्ते, कृपेचे देवदूत, येत नाहीत, हे तिच्या मनात लहानपणापासून बसलेलं. तिने मांडण्यांवर चादरी टाकून पाहिल्या, त्या रात्रीतून घसरल्या. मग तिला वडिलांचं बोलणं आठवलं. मूर्ती म्हणजे तिचं डोकं. डोकं नसलं की ते झाड, दगड, काहीही. एक डबा तिने बुडातून हळूच उघडला, बाहुलीवरची धूळ गरम फडक्याने पुसायला गेली, तर मान सैल झाली आणि डोकं हातात आलं. मार्गच सापडला म्हणा ना. पुढे तिने गरम पाण्याची परात मागवली, आणि नूरियाला वाटलं, बहीण गुडघा शेकतेय.

---

नूरियाचा नवरा अब्दुल-वहाब, म्हणजे बू मिशारी, मिशारीचे वडील, शुक्रवारची नमाज पढून आले आणि त्यांना सगळं सांगितल्यावर आधी इतके हसले, की खोकल्याची उबळ आली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्यांची?"

"हात पोचला तेवढ्यांची."

"आणि धडं?"

"धडं परत डब्यात. डबे परत जागेवर. तुम्हाला सबीका माहितीये ना, ती काम अर्धवट टाकत नाही."

आता मात्र त्यांचं हसू मावळलं. कस्टममध्ये उभी हयात काढलेला माणूस, मालकी हा शब्द त्यांच्या हाडात मुरलेला. "त्याची वस्तू आहे, नूरिया. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण वस्तू त्याची. तो म्हणेल तसं होईल."

"म्हणजे काय होईल?"

"त्याला ती डोळ्यासमोर नको असेल, तर नको. जासिमला फोन करून ठेवतो. थोडे दिवस सबीका तिच्या भावाकडे राहील."

नूरिया भिंतीला टेकून उभी राहिली. जासिमच्या घरातले थोडे दिवस म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. तलाक घेऊन आल्यापासून सबीका तिथेच होती, स्वयंपाकघरामागे, पाणी तापवायच्या टाकीशेजारच्या खोलीत, आणि भावजय गनीमा आल्यागेल्याला सांगायची, "आमची सबीका म्हणजे काय, आहे की नाही ते कळतसुद्धा नाही." शस्त्रक्रियेचं निमित्त साधून नूरियाने बहिणीला तिथून काढलं होतं. दवाखान्यातून थेट माझ्याकडे, आणि मग कायमची इथेच, असा तिचा मनातला बेत होता. नवऱ्याला तिने तो अजून सांगितला नव्हता.

दलाल लुगैमातचं, पाकातल्या तळलेल्या गोड गोळ्यांचं, भांडं घेऊन आली तेव्हा बाप फोनवर होता आणि आई भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. तिने सरळ भावाची बाजू घेतली.

"युम्मा, खालाने एक शब्द विचारायला काय झालं होतं? त्याच्याकडे दुसरं आहे काय? बायको नाही, मूल नाही. एवढं एकच तर जमवलं त्याने."

"हळू बोल, ऐकू जाईल तिला."

"जाऊ दे की ऐकू."

तेवढ्यात अब्दुल-वहाबनी कानाला त्रास होतो म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकला, आणि गनीमाचा गोड आवाज हॉलभर पसरला. "अहो, विचारताय काय बू मिशारी, घर तिचंच आहे. फक्त त्या खोलीत सध्या गालिचे ठेवलेत हो. आणि गुडघा असा, आमचं न्हाणीघर तुम्हाला माहितीये. पण बघू, काहीतरी करू. आपलंच माणूस आहे, रस्त्यावर थोडंच टाकणार?"

दलाल ऐकत उभी राहिली. हा सूर तिच्या ओळखीचा होता. पहिलं घर सोडून ती माहेरी आली होती तेव्हा तिलाही बायका असंच म्हणाल्या होत्या, आपलंच माणूस आहे. तिने लुगैमातचं भांडं खाली ठेवलं आणि बापाच्या हातातून फोन घेतला.

"मामी, दलाल बोलतेय. गालिचे हलवू नका इतक्यात. आमचं काही ठरलेलं नाही."

"मी जासिमला निघायला सांगितलंय," बाप म्हणाला.

"मग येऊ देत. मामू चहा पिऊन जातील."

"तू आत्ता भावाच्या बाजूने होतीस ना गं?"

"आहेच. बाजू एकच असावी असा काही कायदा आहे का, युबा?"

---

मिशारी आला तो खुशीत. मेळ्यात त्याने काय काय पाहिलं हे सांगायची त्याला घाई झाली होती, पण आधी खालाची विचारपूस करायची म्हणून तो सरळ तिच्या खोलीत गेला, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, गुडघा कसा आहे विचारलं. सबीकाने उत्तर द्यायच्या आत त्याची नजर मांडणीवर गेली.

आधी त्याला वाटलं, खिडकीतल्या उजेडाची तिरीप पडलीय म्हणून तोंडं दिसत नाहीत. त्याने मान तिरकी करून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूने. अगदी वरच्या फळ्या सोडल्या तर प्रत्येक डब्याच्या खिडकीत दोन खांदे आणि मधे एक गोल गुंडी. छत्रीवाल्या गुप्तहेर बाईची छत्री जागेवर होती. अवकाशातल्या ट्रकवाल्याच्या हातात त्याचं चाक होतं. त्या खिडक्यांतून बघणारं मात्र कुणीच नव्हतं.

"मी केलं ते," सबीका म्हणाली. "फेकलेलं काही नाही. सगळं जपून ठेवलंय."

तो खालीच जमिनीवर बसला. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून बसायचा तसा, पाय पसरून. एक डबा त्याने खाली घेतला, उलटा केला, बुडाची चिकटपट्टी सुरीने किती सरळ कापलीय ते बघितलं, पुन्हा सुलटा केला. दारात आई, बहीण, बाप येऊन उभे राहिले होते. आता हा ओरडेल असं तिघांना वाटलं.

"डोकी कुठायत?" त्याने विचारलं.

ट्रे हॉलमध्ये आणले गेले. एकेका खाचेत एकेक डोकं नीट बसवलेलं, पण कुणाच्या शेजारी कुणीही. "मी क्रमाने लावली होती," सबीका काठी टेकत मागून येत म्हणाली. "पहिल्या फळीचा पहिला ट्रे, दुसरीचा दुसरा. हे असं कुणी केलं?"

नूरिया स्वयंपाकघरात मासे बघायला गेली.

मिशारीने ट्रे गालिच्यावर मांडले, डबे आणून ओळीने ठेवले आणि गुडघ्यांवर बसून जोड्या लावायला घेतल्या. कुणाशी बोलायचं नाही असं ठरवूनच तो बसला होता. पण इतकी वर्षं ज्यांना दारातून बघायला लागलं ती माणसं आता हाताच्या अंतरावर उघडी पडली होती, मग घरातल्यांना कुठला धीर धरवतोय? दलाल आधी बसली. मग नूरिया हात पुसत आली. अब्दुल-वहाब सोफ्यावरून वाकून बघत होते, ते शेवटी उशी घेऊन खालीच उतरले.

"हा मिशीवाला कोण?" त्यांनी एक डोकं उचलून विचारलं. "आमच्या बंदरावर होता असला एक. डिट्टो. सुलेमान नाव त्याचं, बेरकी माणूस."

"तो एका मालिकेतला न्यायाधीश आहे."

"लाच खातो का?"

"शेवटच्या भागात."

"बघ! चेहऱ्यावर दिसतंय," म्हणत त्यांनी ते डोकं बाजूला ठेवलं, आणि थोड्या वेळाने कुणाचं लक्ष नाही असं बघून खिशात टाकलं.

"आणि हा?" दलालने विचारलं. "याला तीन डोळे का?"

"तिसरा मागून आलाय. मरून परत आला तेव्हा."

"म्हणजे मेल्याचा फायदा झाला म्हण की."

मिशारी नाइलाजाने एका एका शब्दात उत्तरं देत होता. सबीका खुर्चीत बसली होती, दुखरा पाय स्टुलावर. तिला कुणी काही विचारत नव्हतं, पण तिला गप्प राहवेना.

"ते दात दुखणाऱ्याचं नाही," ती म्हणाली. "ते सासूचं."

"कुणाच्या सासूचं?" नूरियाने विचारलं.

"मी नावं ठेवलीत त्यांना. दिवसभर बसून करायचं काय? ती ओठ दाबलेली सासू. गाल सुजलेला तो दात दुखणारा. तो एक पिवळा, बघताक्षणी कळतं की सगळ्यांकडून उसने घेऊन फिरतोय. आणि ही निळी रडवी. मिशारी, ही का रे रडते? मी तिला हातात घेऊन किती वेळ बसले होते. हिचं काय झालं असेल, कोण गेलं असेल, म्हणून विचार करत होते."

मिशारीने वर बघितलं नाही. "तिचा मुकुट हरवलाय. राणी आहे ती."

"मुकुटासाठी कोण एवढं रडतं? दुसरं काहीतरी असणार. वेणीत मासोळी खोवलीय तिने, पाहिलीस ना तू? कुणाची आठवण असेल ती."

"कसली मासोळी?"

"मागे, वेणीत."

त्याने डोकं हातात घेऊन फिरवलं. चौदा वर्षांपूर्वी तो हे बाहुलं घेण्यासाठी कुठून कुठे गेला होता, दुकानदाराशी भांडला होता, विमानात मांडीवर घेऊन बसला होता. रोज सकाळी खोलीत गेला की तिच्याकडे बघायचा. खिडकीतून, समोरून. तिची पाठ त्याने कधी पाहिलीच नव्हती. निळ्या केसांची जाड वेणी होती आणि वेणीच्या पेडात नखाएवढी रुपेरी मासोळी, खवले आणि डोळा रंगवलेली. कुणीतरी एका केसाच्या कुंचल्याने, डब्याच्या आत कुणालाही दिसणार नाही अशा जागी, एवढं काम करून ठेवलं होतं.

तो ती मासोळी कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने शेजारच्या ट्रेमधलं दुसरं डोकं उचललं आणि तेही उलटं केलं. मग तिसरं. ट्रकवाल्याच्या मानेवर गोंदण होतं. गुप्तहेर बाईने अंबाड्यात किल्ली लपवली होती.

"अरे!" तो स्वतःशीच म्हणाला. त्याच्या रागाला कुठे बसावं तेच कळेना.

"दाखव, दाखव," म्हणत दलाल पुढे सरकली, बापाने चष्मा पुसला, आणि जेवण थंड होतंय हे जिला आठवायला हवं होतं ती नूरियासुद्धा म्हणाली, "मला आधी."

---

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तो सबीकाने सगळ्यांच्या आधी ऐकला. जासिमची गाडी ती हॉर्नशिवायही ओळखायची. सगळ्यांची तोंडं ट्रेमध्ये होती. ती काठी टेकत आत गेली आणि अबाया अंगावर घालून पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी भरायला तिला वेळ लागत नसे. आयुष्यात तिने हे काम इतक्यांदा केलं होतं, की कुठली वस्तू कुठे जाते ते हातालाच ठाऊक होतं. स्वारीच्या साली सगळे सीमेपलीकडे दम्मामला निघाले तेव्हासुद्धा तिची पिशवी पहिली तयार होती, फक्त आई हलवण्यासारखी नव्हती म्हणून ती मागे राहिली, आईला घेऊन, एकटी.

आताही तिला कुणाचा राग आला नव्हता. वाईट वाटत होतं. हा पोरगा लहान असताना ताप आला की तिच्याच कुशीत झोपायचा, आणि तिने त्याचंच असं करून ठेवलं. आपण काय केलं हे तिला त्याच्या पसरलेल्या पायांकडे बघताना पहिल्यांदा कळलं होतं. तोवर तिला खरंच वाटत होतं, की तो आला की म्हणेल, खाला, काय नामी युक्ती काढलीस!

"सलाम अलैकुम," जासिम आत येऊन म्हणाला, आणि गालिच्यावरचा देखावा बघून दारातच थांबला. "हे काय, कत्तल झालीय का इथे?"

"बसा मामू," दलाल म्हणाली.

"बसत नाही गं, गनीमा वाट बघतेय. चल सबीका. बू मिशारी, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. म्हातारी माणसं, होतं असं. आमच्याकडे आहे की जागा. गालिचे आज दिवाणखान्यात हलवतो."

"मी येतेच आहे," सबीका म्हणाली.

"कुठे येतेस?" नूरिया उभी राहिली. "गुडघ्याचे टाके अजून ओले आहेत!"

"नूरिया, उगाच वाढवू नकोस. पोराच्या घरात पोराला त्रास नको."

अब्दुल-वहाबनी मिशारीकडे पाहिलं. तो म्हणेल तसं होईल असं ते मघाशी बोलून बसले होते, आणि आता त्यांना ते बोलल्याचा पस्तावा होत होता. त्यांनी घसा साफ केला. "मिशारी, वस्तू तुझी. तू काय ते बोल."

मिशारीच्या हातात अजून एक डोकं होतं. त्याने ते ट्रेच्या खाचेत ठेवलं आणि उठून सबीकासमोर उभा राहिला.

"खाला, एक विचारू?"

"विचार बाळ."

"मामूंच्या हॉलमध्ये तो पितळी घोडा आहे. केवढा थोरला. दात विचकलेले, डोळे बाहेर. तुझी तिथे नमाज कशी व्हायची?"

"स्वयंपाकघरामागे पढायचे. दार लावून."

"इतकी वर्षं?"

"मग काय करणार?"

"त्याचं डोकं का नाही काढलंस?"

जासिम मोठ्याने हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

"असं कसं काढणार?" सबीका म्हणाली. "दुसऱ्याच्या घरातली वस्तू. हात कसा लावायचा? मी तिथे खिळासुद्धा ठोकला नाही कधी."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. जासिमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते काढून कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. सबीकाने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे जासिम, तुला नाही रे म्हणत. तू कधी काही कमी केलं नाहीस. इथे मला... नूरियाने पलंग टाकला, आणि मी आडवी झाले, आणि मला इतकी गाढ झोप लागली. उठले, बघितलं, म्हटलं खोली जरा आपल्यासारखी करून घ्यावी. विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, मिशारी. खरंच नाही आलं. आपल्या घरात कोण कुणाला विचारतं?"

नूरियाला रडू फुटलं, आणि ते लपवायला तिने जवळची उशी तोंडाशी धरली. दलाल बापाकडे बघत होती. बाप छताकडे.

मिशारीने खालाच्या हातातली पिशवी घेतली.

"मामू," तो जासिमकडे वळून म्हणाला, "चहा घ्या, मासे झालेत, जेवून जा. गालिचे आहेत तिथे राहू देत."

"अरे पण तुझं एवढं नुकसान..."

"झालंय. खूप झालंय." त्याचा आवाज चढला. "खाला, मी रागावलेलोय. तुला वाटत असेल मी विसरलो, मासोळी बघून हरखलो, तर तसं नाहीये. मी उद्याही रागावलेला असेन. ईद येईल तेव्हाही असेन बहुतेक."

"रागाव बाळ," सबीका म्हणाली. "तुझा हक्क आहे."

"मग त्यासाठी तू इथे हवीस ना? तिकडे जाऊन बसलीस तर मी रागवू कुणावर? पाहुण्यांवर रागावतात का?"

सबीकाने अबायाची वरची गुंडी उघडायला घेतली. नूरिया पुढे झाली आणि तिने बहिणीच्या खांद्यावरून अबाया ओढून काढली, जरा जास्तच जोरात, जणू ती पुन्हा घालता येऊ नये म्हणून. अब्दुल-वहाब उठले, जासिमच्या पाठीवर हात ठेवून त्याला जेवणाच्या सुफऱ्याकडे घेऊन गेले. जाताना ते त्याला म्हणाले, की आता दीवानियात, आपल्या पुरुषमंडळींच्या बैठकीत, मिशारीच्या पोरांसाठी एक मांडणी करावी म्हणतो, मित्रमंडळी हसली तर हसू देत.

मिशारी पिशवी घेऊन खोलीत गेला. कपाटाचं दार उघडल्याचा, कपडे फळीवर टाकल्याचा आवाज आला. आणि मग तो आतून ओरडला, सगळं घर दणाणेल असा:

"आणि हा एसी? व्हिनाइल वितळतं या उकाड्यात! एसी कुणी बंद केलाय इथला?"

सगळे सबीकाकडे बघू लागले. ती खुर्चीत बसली, काठी शेजारी टेकवून ठेवली, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर घेतला. आणि मग भावाच्या घरात एवढ्या वर्षांत कुणी कधी ऐकला नव्हता असा खणखणीत आवाज काढून तिने उत्तर दिलं:

"मी! मला गार लागतं!"